ड्रॅग रेसचा वीकेंड: दोन राऊंडच्या मधल्या वेळात गाडी परत उभी कशी करायची

ड्रॅग रेस म्हणजे दोन मोटरसायकली शेजारी-शेजारी सरळ पट्ट्यावर सुटतात, आधी पोचेल तो जिंकतो. गाडी ४०२ मीटर कशी पळवायची हे शिकवणारे पुष्कळ आहेत. मी कोल्हापुरात स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसणारी बाई, माझा विषय वेगळा. गाडी सुटली की दहा-पंधरा सेकंदांत निकाल लागतो. मग पुढच्या राऊंडला पुकारेपर्यंत कधी तासभर मिळतो, कधी वीसच मिनिटं. तेवढ्यात मोडलेलं जोडायचं आणि गाडी परत रांगेत नेऊन लावायची. हौशी टीम बहुतेक वेळा तिथंच हरते. शेजारच्या लेनमधल्या पोराची पाळी नंतर येते.

आमची टीम म्हणजे धाकटा भाऊ रायडर, त्याचा दोस्त मेकॅनिक (एरवी शिवाजी उद्यमनगरात लेथवर असतो), एक भाचा पळापळीला आणि मी. मोटरसायकली दोन: एक जुनी टू-स्ट्रोक आरएक्स १३५, एक फ्युएल इंजेक्शनची ड्यूक ३९०. वही आणि पैसे माझ्याकडे. सगळी मला आक्का म्हणतात, त्यामुळे ओरडायचा हक्क आपोआप आलाय.

घरातून निघायच्या आधी

रस्त्यावर सराव करणाऱ्यांनी इथूनच परत फिरावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय रस्त्यावर म्हातारी माणसं, कुत्री आणि उसाच्या ट्रॉल्या असतात. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन नावाची ड्रॅग रेस होत आलीय. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या रेसना मात्र आम्ही चेन्नईच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टईला जातो. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ट्रॅक, आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात. त्याआधी तिकडच्या रेस शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर व्हायच्या. तिथली जुनी माणसं पिटमध्ये (गाड्या दुरुस्त करायच्या जागेत) चहाला बसली की अजून शोलावरमच्याच गोष्टी काढतात. ऐकायला बसू नका, वेळ जातो.

लायसन्स एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाचं लागतं. त्याला डॉक्टरचा दाखला, रक्तगट वगैरे लागतं, ते आठवडाभर आधीच उरकून टाका. नंतर स्पर्धेचे नियम डाउनलोड करून एकदा मोठ्यानं वाचा. तुमची गाडी कोणत्या वर्गात बसते ते बघायचं, आणि रेस किती अंतराची आहे तेही. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर हे धरून चालू नका. जागा कमी असली की अंतर कमी ठेवतात, आणि तुमचा चेनचक्का (स्प्रॉकेट) त्यावर ठरतो. शेवटच्या गिअरमध्ये इंजिन जिथं पूर्ण ताकदीला येतं तो क्षण फिनिशच्या रेषेवर यायला हवा. रेषेआधीच इंजिन बोंबलायला लागलं तर गिअरिंग फार आखूड, आणि रेषा ओलांडली तरी ओढतच राहिलं तर फार लांब. पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात म्हणजे मागच्याचे साधारण तीन दात. म्हणून मोठा बदल पुढून करायचा, बारीक बदल मागून.

आता डबे. लोक स्पेअर प्रकारानुसार भरतात: इलेक्ट्रिकचं एकीकडे, इंजिनचं एकीकडे. दुकानात ते बरोबर आहे. ट्रॅकवर स्पेअर वेळेनुसार भरा. पहिल्या डब्यात दहा मिनिटांत बसणारं सगळं: प्लग (नेहमीचा आणि एक नंबर थंड), क्लच केबल, अ‍ॅक्सिलेटर केबल, चेन लॉक, लिव्हर, फ्यूज, मेन जेटचा संच, इनटेक रबर, क्लिपा, बायंडिंग वायर. दुसऱ्या डब्यात तासाभरात होणारं: क्लच प्लेटांचा सेट, क्लच स्प्रिंग, क्लच कव्हरचं गॅस्केट, दोन-तीन स्प्रॉकेट. तिसऱ्यात रात्रीचं काम: पिस्टन किट, हेड आणि बेस गॅस्केट, पिस्टनला जुळवून बोअर केलेला जादा सिलिंडर. प्रत्येक डब्यात त्याच कामाचे पाने ठेवा. दहाचा पाना तिन्ही डब्यांत एकेक. तो ट्रॅकवर का हरवतो हे मला विचारू नका, दर वेळी तोच हरवतो.

याचा फायदा असा की गाडी परत आली आणि काय बिघडलंय ते कळलं की वेळ बघायचा आणि डबा उघडायचा. पंचवीस मिनिटं उरलीत आणि काम दुसऱ्या डब्यातलं आहे, तर वाद घालत बसायचं नाही. ती गाडी तशीच पळवायची किंवा सोडायची. दुसऱ्या गाडीकडे वळायचं.

नेताना

कोल्हापुरातून शिरोलीला हायवेला लागलात की तोच राष्ट्रीय महामार्ग ४८ बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळुरू, वेल्लोर करत थेट इरुंगट्टुकोट्टईच्या दारात जातो. नऊशे किलोमीटरच्या वर अंतर आहे आणि वळायचं कुठंच नाही. छोट्या हत्तीत दोन गाड्या बसतात. बांधताना पुढच्या चाकाचा मडगार्ड काढा आणि टायर व फोर्कच्या मधे लाकडाचा ठोकळा घाला, मग रॅचेट बेल्ट ओढा. ठोकळा नसला तर बेल्ट फोर्क पूर्ण दाबून ठेवतो, आणि एवढ्या प्रवासात ऑईल सील जातं. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. आरसी आणि बिलाच्या प्रती ड्रायव्हरच्या खिशात द्या. नंबरप्लेट नसलेली गाडी टेम्पोत दिसली की चेकनाक्यावर विचारणारच.

पोचल्याबरोबर गाड्या उतरवा आणि थेट कार्बोरेटरच्या मागेपुढे हात फिरवा. रात्रभर हादरे बसलेले असतात. का ते खाली येईल.

स्क्रुटिनी

तपासणीला एकानंच उभं राहायचं, आणि तो टीममधला सगळ्यात गरीब स्वभावाचा माणूस असावा. आमच्यात भाचा जातो. रायडरला अजिबात पाठवू नका, त्याचं डोकं तापलेलं असतं.

बघतात काय? आरसे, इंडिकेटर, स्टँड काढलेत का. अ‍ॅक्सिलेटर सोडल्यावर स्वतःहून पूर्ण मिटतो का, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही. लिव्हरच्या टोकाला गोळा आहे का. हँडलची उघडी टोकं बंद केलीत का. ड्रेन बोल्ट वायरनं बांधलाय का. इंजिनाचा ब्रीदर पाइप डब्यात सोडलाय का. किल स्विच चालतो का. हेल्मेट, लेदर सूट, ग्लोव्हज, घोट्याच्या वर येणारे बूट. आमच्या ड्यूकची क्लच लिव्हर टेम्पोतून उतरवताना टोकाला तुटली, गोळा गेला. लिव्हर चालत होती, पण तपासनिसानं मान हलवली. त्याचं बरोबर आहे. पडल्यावर ते धारदार टोक मांडीत घुसतं. पहिला डबा उघडला, नवी लिव्हर लावली, रांगेत परत शेवटी उभं राहिलो. स्क्रुटिनीला सकाळी लवकर जा म्हणतात ते एवढ्यासाठीच, दुसऱ्या फेरीला वेळ उरावा म्हणून.

जेट, हवा आणि जाम झालेलं इंजिन

हा भाग टू-स्ट्रोकवाल्यांनी नीट वाचा. फ्युएल इंजेक्शनवाल्यांनी चहा प्यायला हरकत नाही, तुमचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बरंचसं बघून घेतो.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. दर शंभर मीटर खाली उतरलं की हवेचा दाब साधारण एक टक्क्यापेक्षा थोडा जास्त वाढतो. म्हणजे चेन्नईजवळ तुमच्या इंजिनाला सहा-सात टक्के जास्त दाबाची हवा मिळते. पेट्रोल मात्र कार्बोरेटर त्याच जेटमधून, म्हणजे ठरावीक मापाच्या भोकातून देतो. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. पातळ मिश्रण तापतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये तापलेला पिस्टन सिलिंडरला धरतो.

आता कुणी म्हणेल, चेन्नईत उकाडा आहे, गरम हवा विरळ असते, हिशेब फिटला. दुपारी दोनला थोडाफार फिटतो. साधारण तीन अंश तापमान वाढलं की हवेची घनता एक टक्का उतरते. पण सकाळी साडेआठला, पहिल्या पळीला, ऊन चढलेलं नसतं आणि हवा दिवसभरातली सगळ्यात दाट असते. त्यात गाडी घरी भर दुपारी सेट केलेली असली तर फरक आणखी वाढतो. म्हणून सकाळची पहिली पळ मोठ्या जेटवर काढायची. एक-दोन नंबर मोठा जेट लावा, गाडी थोडी जड वाटेल, वाटू दे. ऊन चढेल तसे खाली या.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. शुद्ध पेट्रोलवर बसवलेला जेट या पेट्रोलवर पातळच पडतो. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे अर्धा भरलेला कॅन झाकण सैल ठेवून उन्हात ठेवू नका. घरी ज्या पेट्रोलवर गाडी सेट केली तेच कॅन भरून घट्ट बंद करून न्या. ऑईलचा पंप काढून पेट्रोलमध्येच ऑईल मिसळत असाल, तर कॅनवर प्रमाण आणि तारीख खडूनं लिहा. पंचवीसला एक, तीसला एक, जे असेल ते. दोन माणसांनी दोनदा ऑईल घातलं की मिश्रण परत पातळ होतं, कारण पेट्रोलची जागा ऑईलनं घेतलेली असते. हे पोरांना पटत नाही. ऑईल जास्त म्हणजे सुरक्षित, असं त्यांना वाटतं.

खरी परीक्षा प्लगची. नवा प्लग लावून पूर्ण अ‍ॅक्सिलेटरवर गाडी पळवायची, रेषा ओलांडल्याबरोबर क्लच दाबून किल स्विच मारायचा आणि बंद इंजिनानं गाडी पिटकडे ढकलत आणायची. सावकाश चालवत आणली तर प्लग खोटं बोलतो. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बिस्किटासारखा फिका तपकिरी रंग हवा. काळा ओला असला तर मिश्रण जाड आहे, जीव सुरक्षित आहे, वेळ जातो. पांढराफटक असला तर पातळ. आणि चिनीमातीवर बारीक चमकदार कण दिसले तर तो अ‍ॅल्युमिनियम आहे, तुमचाच पिस्टन. त्या गाडीला तिथंच थांबवा.

एका खेपेला आमच्या आरएक्सचा प्लग शुक्रवारी संध्याकाळपर्यंत छान होता. जेट मोठा होता. तरी शनिवारी सकाळच्या क्वालिफायिंगला तिसऱ्या गिअरला आवाज बारीक झाला, कानात शीळ घुसावी तसा, आणि मागचं चाक क्षणभर अडकलं. भावानं क्लच दाबला, म्हणून सरळ राहिला. रायडरला एवढं एक शिकवून ठेवा: टू-स्ट्रोक पळवताना डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. आवाज बदलला की विचार नंतर, क्लच आधी.

"आक्का, धरला गं पिस्टन," म्हणत तो गाडी ढकलत आला. पोरं लगेच तिसऱ्या डब्याकडे धावली. मी डब्यावर बसले. हे सगळ्यांना सांगायचंय: इंजिन का जाम झालं हे सापडल्याशिवाय नवा पिस्टन घालायचा नाही. नाहीतर पुढच्या पळीला तोही जातो, आणि तेव्हा डबा रिकामा असतो.

आधी सायलेन्सर काढा आणि एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारून पिस्टनकडे बघा. नुसत्या एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर बहुधा जास्त तापला. चारी बाजूंना असतील तर क्लिअरन्स कमी होता किंवा ऑईल कमी. आमचे ओरखडे एक्झॉस्टच्या बाजूला होते. म्हणजे मिश्रण पातळ, पण जेट तर मोठा. मग हवा दुसरीकडून येतेय. मेकॅनिकनं कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधलं इनटेक रबर काढून वाकवलं. खालच्या बाजूला, जिथं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, तिथं नखाएवढी चीर होती. टेम्पोच्या हादऱ्यांनी कार्बोरेटर रात्रभर डुलत आला होता. इंजिन चालू असतं तर हे शोधणं सोपं: आयडलवर ठेवून रबराभोवती डब्ल्यूडी-४० चा फवारा मारायचा, आरपीएम बदलला की गळती तिथंच. म्हणून म्हटलं, टेम्पोतून उतरवल्याबरोबर हात फिरवा. आम्हीही फिरवला होता. ती चीर मात्र रबर वाकवल्यावरच उघडत होती. आता नवं रबर लावूनच निघतो आणि कार्बोरेटर वायरनं फ्रेमला बांधून ठेवतो.

कारण सापडल्यावर सिलिंडर. क्वालिफायिंगची दुसरी पळ दुपारी होती, म्हणजे वेळ होता. हेड आणि सिलिंडर उचलायच्या आधी आजूबाजूची धूळ पुसा. सिलिंडर वर काढला की क्रँककेसच्या उघड्या तोंडात लगेच स्वच्छ फडकं कोंबा. पिस्टन पिनची सर्क्लिप उडते, आणि ती आत पडली तर तुमचा वीकेंड संपला. जुनी सर्क्लिप परत वापरू नका, ती अगदी स्वस्त वस्तू आहे. जादा सिलिंडर नसेल आणि लायनरला पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम लागलेलं असेल, तर बारीक एमरी पेपर ऑईलमध्ये भिजवून तिरक्या हातानं घासा, खालीवर नको. लायनरचंच लोखंड खरवडलं गेलं असेल तर घासून उपयोग नाही, तो बोअरिंगला जाणार.

रिंगचा गॅप बघा. रिंग सिलिंडरमध्ये ठेवून पिस्टनच्या डोक्यानंच थोडी आत ढकला म्हणजे सरळ बसते, मग फीलर गेज घाला. आरएक्स १३५ चा बोअर ५८ मिमी आहे, त्याला ०.२ ते ०.३५ मिमीच्या आसपास गॅप चालतो. कमी असला तर तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात. टू-स्ट्रोकच्या पिस्टनला खाचेत बारीक पिन असते. रिंगची टोकं त्या पिनच्या दोन्ही बाजूंना आली पाहिजेत. घाईत रिंग पिनवर चढते, सिलिंडर अडतो, कुणीतरी हातोडीचा दांडा आणतो आणि रिंग तुटते. सिलिंडर खाली जात नसेल तर ढकलू नका, वर घ्या आणि बघा. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. हेडचे नट फुलीच्या क्रमानं, दोन-तीन हप्त्यांत घट्ट.

नव्या पिस्टनवर लगेच पूर्ण अ‍ॅक्सिलेटर नको. गरम करा, हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या, परत गरम करा. दोन-तीन वेळा हे केलं आणि हेडचे नट परत तपासले की पळवायला हरकत नाही, मात्र मोठ्याच जेटवर. आम्ही दुपारच्या पळीला एवढ्यावरच उभे राहिलो. वेळ काही खास आली नाही, पण पात्रता मिळाली.

क्लच

ड्यूकचा त्रास शनिवारी दुपारी सुरू झाला. गाडी सुटताना आरपीएम चढतोय आणि चाक त्या मानानं फिरत नाही. क्लच घसरतोय म्हटल्यावर लगेच कव्हर उघडू नका. आधी लिव्हरचा मोकळा खेळ बघा. तापल्यावर खेळ संपतो, आणि क्लच हात न लावताच अर्धा दाबलेला राहतो. खेळ दिला आणि घसरणं थांबलं, तर काम पहिल्या डब्यातलंही नव्हतं. खेळ असूनही घसरत असेल तर ऑईल भरायची टोपी काढून वास घ्या. जळालेल्या क्लचचा वास एकदा घेतला की विसरत नाही.

प्लेटा बदलताना ऑईल काढायची गरज नसते. क्लच उजव्या बाजूला आहे, तेव्हा गाडी डावीकडे झोपवा, खाली जुनी गादी किंवा टायर घाला, कव्हर उघडा. कार्बोरेटरची गाडी असेल तर आधी पेट्रोल कॉक बंद. नव्या फायबर प्लेटा आदल्या रात्रीच ऑईलमध्ये बुडवून ठेवलेल्या हव्यात. आमच्याकडे त्यासाठी स्टीलचा जेवणाचा डबा आहे, तो परत स्वयंपाकघरात येत नाही. कोरड्या प्लेटा घातल्या तर पहिल्याच लाँचला जळतात. लोखंडी प्लेट काचेवर ठेवून बघा. हलली, डुलली तर वाकडी आहे. निळी पडली असेल तरी फेका.

आणि रायडरला सांगा, रांगेत उभं असताना पहिला गिअर टाकून क्लच दाबून बसू नको. न्यूट्रल कर, पुकारल्यावर टाक. निम्मे क्लच रांगेतच तापतात.

दिवे

सुटायच्या रेषेपुढे, दोन लेनच्या मधल्या दिव्यांच्या खांबाला ख्रिसमस ट्री म्हणतात. सगळ्यात वर प्री-स्टेजचे दिवे, खाली स्टेजचे, मग पिवळे, हिरवा आणि तळाला लाल (हिरव्याआधीच सुटलात तर लागतो, रेस गेली). जमिनीलगत प्रकाशाच्या दोन किरणरेषा असतात, साधारण १८ सेंटिमीटर अंतरावर. पुढचं चाक पहिली अडवतं तेव्हा प्री-स्टेज लागतो, दुसरी अडवलीत की स्टेज. दोघेही स्टेज झाले की स्टार्टर झाड सोडतो. एक पद्धत अशी की तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदानं हिरवा. दुसरीत पिवळे अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं एकेक खाली उतरतात. कोणती आहे ते ब्रीफिंगला विचारा.

तुमचं घड्याळ हिरव्या दिव्यावर सुरू होत नाही. चाक दुसऱ्या किरणातून बाहेर पडलं की सुरू होतं. हिरव्यापासून चाक त्या किरणातून बाहेर पडेपर्यंत जो वेळ जातो तो रिअ‍ॅक्शन टाइम, तो वेगळा मोजतात. रेस जिंकायला मात्र दोन्हीची बेरीज लागते. एकाची धाव ८.९० आणि रिअ‍ॅक्शन ०.३०, बेरीज ९.२०. दुसऱ्याची धाव ८.७०, रिअ‍ॅक्शन ०.५५, बेरीज ९.२५. दुसऱ्याची गाडी वेगवान होती आणि तो हरला. बंगळुरूच्या हेमंत मुदप्पासारखे राष्ट्रीय विजेते सुटतात कसे ते भिंतीला टेकून बघा. गाडी कमी बघा, डावा हात जास्त बघा.

नवशिक्यांनी किरण जेमतेम अडवून उभं राहावं. चाक अजून पुढे नेऊन प्री-स्टेजचा दिवा विझवला तर रिअ‍ॅक्शन सुधारते, पण लालची भीती वाढते. रविवारी भावानं ड्यूकवर तेच केलं आणि लाल खाल्ला. परत येऊन हेल्मेट न काढता बसून राहिला. मी पाणी दिलं आणि आरएक्सकडे पाठवलं. समजूत घालायला पुढं हायवेवर अख्खी रात्र होती.

वेळेची स्लिप मिळत असेल तर ती चुरगळून खिशात घालू नका, वहीत चिकटवा. पहिल्या साठ फुटांचा वेळ आणि शेवटचा वेग, या दोनच आकड्यांकडे बघा. साठ फूट खराब आणि शेवटचा वेग चांगला, तर इंजिन ठीक आहे, लाँच, क्लच किंवा मागच्या टायरची हवा बघा. साठ फूट चांगले आणि शेवटचा वेग पडलेला, तर जेट, गिअरिंग किंवा इंजिन. एका वेळी एकच गोष्ट बदला. जेट आणि स्प्रॉकेट दोन्ही बदलून गाडी बरी पळाली, तर कशामुळे ते कधीच कळत नाही.

माणसं

पिटमध्ये सावली करायला ताडपत्री, पाण्याचे मोठे जार, ओआरएसची पाकिटं. लेदर सूट घातलेला रायडर चेन्नईच्या उन्हात अर्ध्या तासात वितळतो. सूट कमरेपर्यंत उतरवून बसवा. दुपारी दहीभात द्या, तांबडा-पांढऱ्याची आठवण रात्री काढू द्या. भडंग मात्र भरपूर न्या, शेजारच्या टीमशी ओळख त्यावरच होते, आणि शेजारच्या टीमकडे तो हरवलेला दहाचा पाना असतो. भाषेची काळजी करू नका. पार्टची नावं सगळीकडे तीच.

पाऊस आला तर थांबा. पावसात उभ्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात फडकं घाला, आणि सुरू करण्याआधी ते काढा.

गाडी कधी पळवायचीच नाही हे घरून ठरवून न्या, कागदावर. आमच्या कागदावर चार गोष्टी आहेत: ब्रेक, परत न मिटणारा अ‍ॅक्सिलेटर, मागच्या टायरपर्यंत पोचणारं ऑईल, आणि फ्रेम किंवा चेनमध्ये दिसणारी चीर. यातलं एक जरी असलं तर मी चावी काढून घेते, मग फायनल असो. बाकी कशालाही पळवा. आयडल धरत नाही, किक नीट बसत नाही, रंग उडालाय, हे सगळं घरी.

पहिल्या तिघांत आलात तर

आरएक्सला आम्ही तिसरे आलो, आणि तिथं नवीन काम निघतं. विजेत्यांच्या गाड्या ताब्यात घेतात. तक्रारीची मुदत संपेपर्यंत हात लावता येत नाही. कुणी हरकत घेतली किंवा अधिकाऱ्यांना वाटलं, तर इंजिन उघडून बोअर-स्ट्रोक मोजतात. उघडायचं तुमच्या मेकॅनिकनं, मोजायचं त्यांनी. म्हणून पोडियमचे फोटो काढायला सगळ्यांनी पळू नका. पाने घेऊन एक जण गाडीजवळ हवा. एक जादा हेड गॅस्केट याचसाठी राखून ठेवा. पिस्टन ओव्हरसाइज घातला असेल तर बोअर किती झाला आणि त्यानं सीसी किती वाढले, हा हिशेब आधीच करून वहीत लिहा. तिथं घामेजल्या हातानं कॅल्क्युलेटर चालत नाही. ओव्हरसाइजनं गाडी वर्गाच्या मर्यादेबाहेर जात असेल, तर तो पिस्टन तिसऱ्या डब्यात ठेवूच नका.

मोजून झाल्यावर हेड नुसतं बसवून नट हातानं लावा, घट्ट करायचं घरी. टाकीतलं मिसळलेलं पेट्रोल कॅनमध्ये काढा, कार्बोरेटरची वाटी रिकामी करा, ठोकळा शोधा. ठोकळा बहुतेक चहाच्या स्टोव्हखाली असतो.